रोबोट आत जातो ते ठीक, पण बाहेर कसा येणार?

तळघर (धागाकर्ता)

अणुभट्टी, खाण, समुद्राचा तळ, ज्वालामुखीचं विवर, कोसळलेली इमारत. अशा ठिकाणी माणसाऐवजी रोबोट पाठवायचा विषय निघाला की गप्पा लगेच 'तो किती हुशार आहे' याकडे वळतात. गेले काही महिने या विषयावरचं मिळेल ते वाचतोय. माझं मत असं होत चाललंय की हुशारीचा नंबर बराच नंतर लागतो. रोबोट हातचे जातात ते केबलपायी, राडारोड्यात रणगाड्यासारखा पट्टा अडकल्यामुळे, नाहीतर परतीच्या वाटेवरच्या एखाद्या वळणावर.

जपानच्या फुकुशिमा दाइइची अणुऊर्जा केंद्राचंच घ्या. मार्च २०११ मध्ये अपघात झाला आणि १७ एप्रिलला अमेरिकन पॅकबॉट रोबोट इमारतीत शिरले. ते जोडीने जायचे. एक दार उघडायचा, दुसरा बाजूला उभा राहून त्याचं चित्र ऑपरेटरला दाखवायचा. पुढे क्विन्स नावाचा जपानी रोबोट आला. जिने चढण्यात तो पॅकबॉटपेक्षा सरस होता. जाड काँक्रीटच्या भिंतींतून रेडिओ सिग्नल जाईना म्हणून त्याला केबलचं रीळ बसवलं. ऑक्टोबर २०११ मध्ये दुसऱ्या युनिटच्या (म्हणजे भट्टीच्या इमारतीच्या) वरच्या मजल्यांवर मोजमापं घेऊन तो खाली उतरत असताना तिसऱ्या मजल्यावर केबल गेली. काम झालेलं, यंत्र धडधाकट, पण बोलायची सोय संपली. तो तिथेच सोडावा लागला.

एप्रिल २०१५ मध्ये पहिल्या युनिटमध्ये सापासारखा रोबोट पाठवला. सुमारे १० सेंटिमीटरच्या पाइपातून सरळ होऊन जायचं आणि आत पोचल्यावर अंग वळवून जाळीवर चालायचं, अशी त्याची रचना. दहाएक मीटरवर अडकला. शेवटी केबल कापली. फेब्रुवारी २०१७ मध्ये दुसऱ्या युनिटमध्ये 'विंचू' गेला. शेपटी उचलून वरच्या कॅमेऱ्याने भट्टीच्या तळाकडे बघणार होता. तिथवर पोचायच्या आधीच त्याचा पट्टा कचऱ्यात रुतला. पुन्हा केबल कापली.

त्याच वर्षी जुलैमध्ये तिसऱ्या युनिटच्या पाण्यात 'लिट्ल सनफिश' सोडला. १३ सेंटिमीटर व्यास, ३० सेंटिमीटर लांबी. त्याला बघायचं होतं ते त्याने बघितलं आणि परतही आला. बाकीच्यांपेक्षा तो हुशार होता असं मला कुठे दिसलं नाही. तो लहान होता, पोहत होता, त्यामुळे खालच्या ढिगाऱ्यावरून चालायची वेळच त्याच्यावर आली नाही.

तर प्रश्न दोन. केबल हवी की नको? आणि रोबोट परत येणार नाही असं धरूनच तो बनवावा का? प्रत्यक्ष असल्या यंत्रांवर काम केलेलं कुणी इथे असेल तर जरूर लिहा.

मैना

वाचनीय. एक बाळबोध प्रश्न विचारते. केबलचाच एवढा त्रास आहे तर वाटेत ठरावीक अंतरावर छोटे रेडिओ टाकत गेलं तर नाही का चालणार? एकाने दुसऱ्याला सांगायचं, दुसऱ्याने तिसऱ्याला.

तळघर

बाळबोध कसला, नेमका हाच उपाय करून पाहिलाय. अमेरिकेच्या दार्पा संस्थेने जमिनीखालच्या जागांसाठी स्पर्धा ठेवली होती. अंतिम फेरी सप्टेंबर २०२१ मध्ये लुइव्हिलच्या एका भुयारी खाणीत झाली. बरेच संघ रोबोटच्या पाठीवरून रेडिओच्या डब्या टाकत जात होते. बोगदा, भूमिगत रेल्वे स्थानक आणि गुहा अशी तिन्ही प्रकारची रचना होती आणि एका संघाला एकच मानवी ऑपरेटर. तासाभरात माणसाचे पुतळे, फोन, पाठपिशव्या, गॅसची जागा असं सगळं शोधून नकाशावर पाच मीटरच्या आत नोंदवायचं. ४० वस्तू लपवल्या होत्या, पहिल्या दोन्ही संघांना प्रत्येकी २३ सापडल्या. टायब्रेकरवर सर्बरस संघ जिंकला.

तेव्हा चालतं, पण बेताने. शिवाय डब्यांमधून वीज जात नाही.

गामा_किरण

किरणोत्साराच्या मोजमापांशी माझा रोजचा संबंध आहे, म्हणून त्या बाजूने लिहितो.

माणसाला धोका पेशींचा, रोबोटला धोका चिपचा. ट्रान्झिस्टरमधल्या ऑक्साइडच्या पातळ थरात गॅमा किरणांमुळे चार्ज साचत जातो. मग ज्या व्होल्टेजला तो चालू किंवा बंद व्हायला हवा ते व्होल्टेज सरकतं. यंत्र एकदम मरत नाही. आधी विचित्र वागायला लागतं, मेमरीतले आकडे बदलतात, मोटर आपोआप दचकते. कॅमेऱ्याचं तर डोळ्यांदेखत होतं: आधी चित्रात पांढरे ठिपके, मग ठिपक्यांची गर्दी, मग अंधार. २०१७ मध्ये विंचवाच्या आधी वाट साफ करायला एक रोबोट पाठवला होता. दोनेक तासांत त्याचं चित्र इतकं खराब झालं की कॅमेरा पुरता जाण्याआधी तो ओढून बाहेर काढला. निर्णय बरोबर होता. आंधळा झाला असता तर तोही आतच राहिला असता.

'मग शिसं लावा की' असं लोक हमखास म्हणतात. सीझियम-१३७ या किरणोत्सारी पदार्थाचे गॅमा निम्म्यावर आणायला साधारण साडेसहा मिलिमीटर शिसं लागतं. दहाव्या हिश्शावर आणायला दोन सेंटिमीटरच्या वर. चारही बाजूंनी एवढं शिसं चढवलं की रोबोट जागचा हलत नाही, आणि दहा सेंटिमीटरच्या पाइपात तर शिरतच नाही. म्हणून उलटा मार्ग धरतात. नाजूक इलेक्ट्रॉनिक्स बाहेर ठेवायचं आणि आत फक्त मोटर, गिअर, साध्या तारा पाठवायच्या. म्हणजे पुन्हा केबलच! तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर या क्षेत्रात बऱ्याचदा आपोआप ठरून जातं.

चेर्नोबिलचा उल्लेख राहिला. १९८६ मध्ये छपरावर उडालेले ग्रॅफाइटचे तुकडे खाली लोटायला यंत्रं आणली होती. चंद्रावर फिरलेल्या लुनोखोद गाडीची चासी ज्या सोव्हिएत संस्थेने केली तिनेच छपरासाठीही गाडी करून दिली आणि ती बऱ्यापैकी चालली. पश्चिम जर्मनीहून 'जोकर' आला, तो लगेच बंद पडला. कारण रोबोटमध्ये नव्हतं. जर्मनांना किरणोत्साराचा जो आकडा कळवला होता तो प्रत्यक्षापेक्षा बराच कमी होता. त्या आकड्यासाठी बनवलेलं यंत्र त्याच आकड्यापर्यंत टिकणार. शेवटी तीन हजारांहून जास्त माणसं आळीपाळीने छपरावर गेली. मिनिट-दोन मिनिटं, एखाद-दुसरं फावडं मारायचं, की पळत खाली.

एकसाशंक

धागा छान, पण सगळी उदाहरणं जुनी आहेत असं नाही वाटत? आजचे चार पायांचे रोबोट स्वतः नकाशा काढतात, स्वतः वाट शोधतात. संपर्क तुटला तर आल्या वाटेने मागे फिरायचं हे एवढंसं तर्कशास्त्र आहे. क्विन्सकडे ते असतं तर तो घरी आला असता. माझ्या मते केबल ही आळशी इंजिनिअरची कुबडी आहे.

खारावारा

कुबडी म्हणा हवं तर. मी समुद्रात रोव्ह (पाण्याखालचा, वरून केबलने चालवायचा रोबोट) चालवतो, त्या कुबडीवरच पोट आहे. :)

पाण्यात तुमचे रेडिओ चालतच नाहीत. खाऱ्या पाण्यात लहर थोड्याच अंतरात विरते. उरतो आवाज. आवाज पाण्यात सेकंदाला सुमारे १५०० मीटर जातो. सहा हजार मीटर खाली असलेल्या यंत्राला 'थांब' म्हटलं की ते चार सेकंदांनी ऐकणार आणि 'थांबलो' हे तुम्हाला आणखी चार सेकंदांनी कळणार. शिवाय त्या वाटेने जिवंत व्हिडिओ येणं विसरा. सर्व्हे करायला, तळाचा नकाशा काढायला सुट्टी यंत्रं उत्तम. पण व्हॉल्व्ह फिरवायचा, बोल्ट कापायचा, हूक अडकवायचा तर डोळ्यासमोर चित्र हवं आणि अंगात ताकद हवी. दोन्ही टेदरमधून, म्हणजे रोव्हच्या केबलमधून येतात.

टेदर कसा हाताळतात ते बाहेर फारसं कुणाला ठाऊक नसतं म्हणून थोडं सविस्तर. जहाजावरून पोलादी वेष्टणाची जाड मुख्य केबल (अंबिलिकल) पिंजऱ्यापर्यंत जाते. पिंजऱ्याला आम्ही टीएमएस म्हणतो. तिथून पुढे पाण्यात जेमतेम तरंगेल असा हलका टेदर रोव्हपर्यंत. लाटेने जहाज वरखाली होतं ते हिसके पिंजरा खातो, रोव्हला कळतही नाही. पायलटसमोरच्या स्क्रीनवर फेऱ्यांचा आकडा असतो. रोव्ह एका दिशेने पूर्ण फिरला की टेदरला एक पीळ, उलटा फिरला की तो सुटला. परत निघण्याआधी हा आकडा शून्यावर आणायचा. आणि लोखंडी सांगाड्याच्या ज्या खांबाच्या डावीकडून आत शिरलात त्याच्याच डावीकडून बाहेर यायचं, मग उजवीकडून रस्ता कितीही मोकळा दिसो. नवीन पोरं इथेच फसतात. पुढच्या कॅमेऱ्यात वाट स्वच्छ दिसते, टेदर मागे असतो, तो बघायला मान वळवत नाहीत.

दुसरी गोष्ट गाळाची. तळाजवळ थ्रस्टर (रोव्हला ढकलणारा पंखा) जोरात मारला की सगळं गढूळ. अशा वेळी हात जॉयस्टिकवरून काढायचे. प्रवाह असेल तर गाळ वाहून जातो, नसेल तर सोनारवर अंदाज घेत सरकायचं. घाबरून अजून थ्रस्टर मारलात तर गाळ वाढतो आणि टेदर कुठे आहे याचा अंदाजही जातो.

आता 'परत येणं' याबद्दल. १९६६ मध्ये स्पेनच्या पालोमारेसजवळ अमेरिकेचा हायड्रोजन बॉम्ब समुद्रात पडला. अ‍ॅल्विन पाणबुडीने तो सुमारे ८७० मीटरवर शोधला. वर काढायला कर्व्ह नावाचा केबलवाला रोबोट पाठवला तर तो बॉम्बच्या पॅराशूटच्या दोऱ्यांत गुरफटला. वरच्यांनी ठरवलं, आता सोडवत बसायचं नाही, आहे तसं खेचा. रोबोट, पॅराशूट, बॉम्ब, सगळं एकत्र वर आलं. केबल नसती तर कुणी काय खेचलं असतं?

तळघर

खारावारा, असाच प्रतिसाद हवा होता. पण केबलने घातही केलाय ना तुमच्याकडे? काइकोचं काय झालं?

खारावारा

केलाय की. जपानचा काइको १९९५ मध्ये मारियाना गर्तेच्या तळाला, १०,९११ मीटरवर टेकला होता. मे २००३ मध्ये वादळ येऊ घातलं होतं, त्याला वर घेताना खालचा टेदर तुटला. लाँचर (त्याचा वरचा पिंजरा) वर आला, काइको गेला. पुढे अमेरिकनांनी नेरियस केला, त्याला केसाएवढं फायबर. वीज स्वतःच्या बॅटरीची, फायबर फक्त बोलायला, आणि तुटलं तर आपला आपण वर येईल अशी व्यवस्था. २००९ मध्ये तोही त्याच गर्तेत १०,९०२ मीटरपर्यंत जाऊन आला. एकसाशंक म्हणतात तसा 'तुटलं तर घरी ये' रोबोट तो हाच.

मे २०१४ मध्ये न्यूझीलंडच्या ईशान्येला केर्मडेक गर्तेत ९,९०० मीटरवर तो फुटला. बहुधा तरंगण्यासाठी लावलेला सिरॅमिकचा एखादा गोळा दाबाने चिरडला. फायबरचा काही दोष नाही, पाण्यानेच घात केला.

फिरस्ता_ग्रह

अवकाशवाल्यांना केबलचा प्रश्नच येत नाही, तेव्हा आमची बाजू वेगळी. मंगळापर्यंत सिग्नल जायला अंतराप्रमाणे ३ ते २२ मिनिटं, एका बाजूने. जॉयस्टिकने चालवणं शक्यच नाही. त्यामुळे गाडीला बरंच काही स्वतः ठरवावं लागतं. तरी मऊ मातीपुढे कुणाचं काही चालत नाही. ऑपॉर्च्युनिटी २००५ मध्ये एका वाळूच्या लाटेत रुतली. पृथ्वीवर तशीच माती कालवून, तशीच गाडी रुतवून सराव केला आणि पाचेक आठवड्यांनी इंचाइंचाने बाहेर काढली. शेवटी तिची एकूण वाटचाल ४५ किलोमीटरची झाली. तिची बहीण स्पिरिट २००९ च्या मे मध्ये रुतली, तेव्हा तिचं एक चाक आधीच बंद पडलेलं. ती सुटलीच नाही. मार्च २०१० नंतर तिचा आवाज आला नाही.

इथे 'परत येणं' हा प्रकारच नाही. सगळ्या मोहिमा एकतर्फी. म्हणून आमच्याकडे प्रश्न असा पडतो की किती दिवस टिकेल आणि टिकेल तोवर काय काय उरकून घ्यायचं. तळघर यांच्या दुसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर: हो, परत येणार नाही असंच धरून बनवा. मग डिझाइन खूप सोपं होतं.

घोरपड

फिरस्ता, मंगळावर तुमची मेलेली गाडी कुणाच्या वाटेत येत नाही. खाणीत एकच रस्ता असतो. बंद पडलेला रोबोट म्हणजे त्या रस्त्यातला धोंडा, आणि मागून बचाव पथक यायचं असतं. 'एकतर्फी' हे तिथे परवडत नाही.

न्यूझीलंडच्या पाइक रिव्हर खाणीत नोव्हेंबर २०१० मध्ये मिथेनचा स्फोट झाला, २९ जण आत. सैन्याकडचा बॉम्ब निकामी करणारा रोबोट आणला. सुमारे ५५० मीटर आत गेला आणि वरून पडणाऱ्या पाण्याने भिजून बंद पडला. तो बॉम्बसाठी केला होता, ओल्या खाणीसाठी नाही. हाताशी होता तो पाठवला, दुसरं काय करणार?

आणि मिथेन असलेल्या जागी कुठलाही रोबोट नुसता उचलून नेता येत नाही. ब्रशवाली मोटर ठिणगी टाकते, बॅटरी गरम होते, साधं स्विचही धोक्याचं. सगळं ज्वालारोधक पेटीत घालावं लागतं. पेटी म्हणजे वजन, वजन म्हणजे मोठी मोटर, मोठी मोटर म्हणजे मोठी पेटी. हे चक्र कुठे थांबवायचं ते ठरवता ठरवता रोबोटचा रणगाडा होतो. मग चिखलात त्याचं काय होतं ते वेगळं सांगायला नको.

उत्तराखंडच्या सिल्क्यारा बोगद्याचं २०२३ मधलं प्रकरण सगळ्यांना आठवत असेल. ४१ कामगार अडकलेले, ढिगाऱ्यात आडवा पाइप ढकलणारं ऑगर यंत्र लोखंडी सळ्यांत फसलं. आधी ते यंत्र तुकडे तुकडे कापून बाहेर काढावं लागलं, मगच पुढे सरकता आलं. शेवटचे दहा-बारा मीटर माणसांनी पाइपात शिरून हाताने खोदले. यंत्र वाईट होतं असं म्हणत नाही, त्याने आधीचं बरंच अंतर तोडलं होतं. पण फसलेलं यंत्र सोडवायचा वेळ कुणी हिशेबात धरत नाही, तो धरला पाहिजे.

एकसाशंक

ठीक, पाण्याचं आणि मिथेनचं मान्य. पण केबल तुटल्यावर रोबोटने आपणहून मागे फिरावं हा मुद्दा अजून कुणी खोडलेला नाही.

गामा_किरण

खोडायचा नाहीच, चांगला मुद्दा आहे. एक अडचण तेवढी सांगतो. मागे फिरायचं तर वाट आठवायला हवी, वाट आठवायला कॅमेरा किंवा लेझर शाबूत हवा, आणि नेमके तेच सगळ्यात आधी आजारी पडतात. जास्त हुशार रोबोट म्हणजे जास्त बारीक चिप, जास्त मेमरी, बिघडायला जास्त जागा. कमी किरणोत्साराच्या इमारतीत नकाशा काढणारे चार पायांचे रोबोट झकास काम करतात, त्याबद्दल वाद नाही. पण भट्टीच्या पोटात अजून दांडा ढकलावा लागतो.

दांड्यावरून आठवलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये फुकुशिमाच्या दुसऱ्या युनिटमधून वितळलेल्या इंधनाचा पहिला नमुना बाहेर आला. वजन ०.७ ग्रॅमच्या आसपास. तिन्ही भट्ट्यांत मिळून अंदाजे ८८० टन आहे. ज्या यंत्राने तो काढला ते लांबणाऱ्या गळासारखं, पुढे चिमटा, मागून पाइपाचे तुकडे जोडत जोडत ढकलायचं. त्याच ऑगस्टमध्ये पहिला प्रयत्न सुरू होण्याआधीच थांबवला होता, कारण ढकलायचे पाइप चुकीच्या क्रमाने मांडले गेले होते. नंतर कॅमेऱ्यांचं चित्र येईना, ते बदलले. मग कुठे ०.७ ग्रॅम.

पाइपांची मांडणी माणसांनी केली होती. तेही पूर्ण पोशाख, मास्क घालून, किरणोत्साराच्या जागी, घाईत. रोबोट आत जातो हे खरं, पण त्याला दारापर्यंत आणणारा माणूस दारातच उभा असतो आणि त्याचा डोस चढत असतो. याबद्दल फार कमी लिहिलं जातं.

मैना

हे शेवटचं कधी डोक्यात आलंच नव्हतं.

अवांतर: नोत्र दामला २०१९ मध्ये आग लागली तेव्हा मनोरा कोसळल्यावर अग्निशमन दलाची माणसं बाहेर काढून आत एक रोबोट पाठवला होता ना? त्याला केबल होती का?

घोरपड

कोलोसस. चालवायचा रिमोटने, पण पाण्याचा पाइप मागे होताच. पाण्याने भरलेला होस म्हणजे केबलपेक्षाही वाईट, वजनदार आणि वळायला नाराज. त्यामुळे ते यंत्र पाचेकशे किलोचं करावं लागतं, नाहीतर पाइपच त्याला ओढेल. पण तिथे सपाट फरशी होती आणि दार मोठं होतं. त्याला जमेल असंच काम त्याला दिलं. अशी निवड करणाऱ्या अधिकाऱ्याचं कौतुक व्हायला हवं, होतं मात्र रोबोटचं.

खारावारा

घोरपड यांना अनुमोदन. शिवाय नकाशांचं सांगायचं राहिलं. २०१० मध्ये मेक्सिकोच्या आखातात डीपवॉटर होरायझन हे तेलविहीर खोदणारं जहाजासारखं व्यासपीठ पेटलं. सुमारे १५०० मीटर खाली विहिरीच्या तोंडावरचा ब्लोआउट प्रिव्हेंटर (तेल उसळू नये म्हणून बसवलेला झडपांचा संच) बंद करायला रोव्ह लगेच उतरवले होते. यंत्रं चालत होती, पायलट तयार होते. पण हायड्रॉलिक जोडणीत आधी कधीतरी बदल केले होते आणि हातातला आराखडा प्रत्यक्षाशी जुळत नव्हता. भलत्याच रॅमवर (त्या संचातल्या झडपेवर) दाब देण्यात वेळ गेला. विहीर बंद व्हायला जुलैचा मध्य उजाडला.

आमच्याकडेही हे नित्याचं. एका कामावर कागदावर व्हॉल्व्ह घड्याळाच्या दिशेने बंद होत होता, खाली उलटा. कुणी सांगितलं नव्हतं. माझ्यासोबतच्या माणसाने हँडलवरचा शेवाळलेला बाण ब्रशने घासून वाचला म्हणून निभावलं. मॅनिप्युलेटरमध्ये (रोव्हच्या यांत्रिक हातात) एवढी ताकद असते की उलटा पिळला असता तर दांडाच तुटला असता. रोबोटला बाण वाचायला शिकवता येईल, पण 'कागदावर विश्वास ठेवू नकोस, आधी ब्रश मार' हे कुणीतरी सुचवायला लागतं.

एकसाशंक

बरं, कुबडी हा शब्द मागे घेत नाही, पण आळशी मागे घेतो. :)

पहिलीपायरी

नमस्कार, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या गटाला कोसळलेल्या इमारतीत माणूस शोधणारा रोबोट करायचाय. चार पाय की पट्टे यावरच भांडण चाललंय. तुम्ही सगळे काय सुचवाल?

तळघर

पट्टे. पाय शिकायला मजेदार आहेत, पण तुमच्याकडे एक वर्ष आहे. आणि सगळ्यात आधी आकार ठरवा. २००१ मध्ये वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या ढिगाऱ्यात रोबोट वापरले, शोध-बचावात प्रत्यक्ष वापराची ती पहिलीच नोंदलेली वेळ. तिथे उपयोगी पडले ते बुटाच्या खोक्याएवढे. माणूस आणि कुत्रा दोघांनाही शिरता येणार नाही अशा फटीत जो जातो त्याचाच फायदा. मोठा रोबोट जिथे जातो तिथे कुत्रा आधीच जाऊन आलेला असतो.

दार्पाचीच २०१५ मधली आणखी एक स्पर्धाही बघा. माणसासारखे दोन पायांचे रोबोट दार उघडताना, पायरी चढताना धडाधड पडत होते. जिंकला तो कोरियाचा ह्यूबो, ४४ मिनिटं २८ सेकंदांत. त्याला गुडघ्यांवर बसून चाकांवर सरकता येत होतं. पडायची जोखीम जिथे नको तिथे तो सरळ गुडघे टेकायचा.

घोरपड

प्रयोगशाळेच्या फरशीवर चालला म्हणून खूश होऊ नका. विटा, सळ्या, ओली माती, फाटकी चादर असा ढीग करा. चादर विसरू नका. दगडापेक्षा कापड पट्ट्यात जास्त वाईट गुंततं. आणि वरून पाणी सोडा.

गामा_किरण

दोन कॅमेरे लावा, त्यातला एक मागे बघणारा. मायक्रोफोन नक्की ठेवा, स्वस्त पडतो आणि ढिगाऱ्यात चित्रापेक्षा आवाज आधी मिळतो. मोटरी बंद करून ऐकण्याची सोय हवी, नाहीतर स्वतःचाच गिअर ऐकत बसाल.

पहिलीपायरी

खूप आभार. आमच्या सरांचं म्हणणं आहे की केबल लावली तर मार्क कमी मिळतील, कारण वायरलेस 'प्रगत' दिसतं. काय करू?

खारावारा

वायरलेस दाखवा, मार्क घ्या. पण मागे एक मजबूत दोरी बांधा आणि तिचं रीळ रोबोटवर ठेवा, बाहेर ठेवू नका. रीळ बाहेर असेल तर रोबोटला पूर्ण लांबीची दोरी प्रत्येक कोपऱ्यावरून घासत ओढावी लागते आणि तिसऱ्या वळणाला तो थकतो. रीळ अंगावर असेल तर दोरी जिथे पडली तिथे पडून राहते, ओढावी लागतच नाही. सरांनी विचारलं तर सांगा, अडकल्यावर खेचून काढायला आहे. आणि रीळ परत गुंडाळणारी मोटर हाताने फिरवून बघा, उलट येताना दोरी सैल पडून पट्ट्याखाली जाते का ते. जात असेल तर आधी ते दुरुस्त करा, बाकीचं नंतर.